त्या चित्रपटांतल्या गावाविषयीही लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या गावात राहणारा एखादा तऱ्हेवाईक, एकटा माणूस आणि त्याच्याभोवती घडणारी हसू आणि आसू मिसळलेली गोष्ट, या घाटाच्या चित्रपटांविषयी आपल्या पुरवणीत जे छापून येते ते मी आवडीने वाचते आणि म्हणूनच त्यातली एक उणीव आपल्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. अशा चित्रपटाचे परीक्षण बहुतेक वेळा त्या माणसाच्या विक्षिप्तपणाचे वर्णन करून, मुख्य नटाच्या अभिनयाला दाद देऊन आणि ‘वेगळ्या वाटेचा, हलकाफुलका’ असा शेरा मारून संपते. त्याचे शेजारीपाजारी कोण आहेत, ते त्याच्याशी कसे वागतात, त्यापायी त्यांना काय सोसावे लागते, याविषयी बहुधा एक ओळही नसते. माझ्या मते अशा चित्रपटाचा खरा कस तिथेच लागतो. तऱ्हेवाईक माणूस चांगल्या नटाच्या जोरावर उभा करता येतो, पण त्याच्या एकटेपणापुढे अख्खे गाव कसे वागते हे खरेपणाने दाखवायला पटकथाकाराची सगळी ताकद पणाला लागते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘लार्स अँड द रिअल गर्ल’ हा २००७ सालचा अमेरिकन चित्रपट. क्रेग गिलेस्पी यांचे दिग्दर्शन, नॅन्सी ऑलिव्हर यांची पटकथा आणि रायन गॉसलिंग यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. कथा घडते विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावात, कडाक्याच्या थंडीत. लार्स हा तरुण भाऊ गस आणि वहिनी कॅरिन यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये बिऱ्हाड करून राहतो, जेवायला बोलावले की काहीतरी सबब सांगतो, आणि कुणाचा हात अंगाला लागला तर त्याला सोसत नाही. एके दिवशी तो भावाला आणि वहिनीला सांगतो की आपल्याकडे पाहुणी आली आहे. तिची ओळख इंटरनेटवर झाली, ती धर्मप्रसाराचे काम करते, तिला चालता येत नाही म्हणून ती चाकांच्या खुर्चीत असते, आणि ती श्रद्धाळू असल्यामुळे दोघांनी एका खोलीत राहणे बरे दिसणार नाही, तेव्हा तिची झोपण्याची सोय तुमच्या घरात करा. ही पाहुणी, बियांका, म्हणजे प्रौढ गिऱ्हाइकांसाठी बनवलेली, खोक्यातून घरपोच आलेली, माणसाच्या उंचीची बाहुली असते.

एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक विशिष्ट हसू येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. या कल्पनेचा पाचकळ विनोदपट करणे अगदी सोपे होते. पटकथेने ते कसे टाळले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या भेटीच्या प्रसंगात लार्स अत्यंत अदबीने, एखाद्या लाजऱ्या पाहुणीची काळजी घ्यावी तसा, बियांकाच्या वतीने बोलत असतो आणि समोर बसलेल्या गस आणि कॅरिन यांना काय करावे ते सुचत नसते. आपल्याला हसू येते ते त्या दोघांच्या चेहऱ्यांमुळे. त्यांच्या जागी आपण असतो तर आपलीही तशीच गाळण उडाली असती, हे त्या हसण्यात मिसळलेले असते. लार्सच्या बोलण्यात थट्टेचा सूर नाही आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यातही नाही. विनोदाचा रोख वेड्यावरून शहाण्यांकडे वळवला की चित्रपटाची जात बदलते, आणि परीक्षणात सर्वप्रथम हेच नोंदवले गेले पाहिजे असे मला वाटते.

गस पहिल्याप्रथम जे करतो ते कुणीही केले असते. तो म्हणतो की हा खुळावला आहे, याला बरा करा. गावातल्या डॉक्टर डॅगमार (ही भूमिका पॅट्रिशिया क्लार्कसन यांनी केली आहे) शरीराच्या आजारांबरोबर मनाचेही आजार पाहतात. त्या भावाला सरळ सांगतात की हा भ्रम लार्सला गरजेचा आहे तोवर तो राहील, तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर चला. बियांकाचा रक्तदाब कमी आहे, दर आठवड्याला उपचारांसाठी आणावे लागेल, असे सांगून त्या लार्सशी बोलण्याची वाट मोकळी करून घेतात. वैद्यकीय दृष्टीने यावर आक्षेप घेता येईल आणि तो मला रास्त वाटतो. भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालू नये, पण त्याच्या भ्रमाला दुजोराही देऊ नये, त्यामागच्या भीतीची आणि दुःखाची विचारपूस करावी, असे मनोविकारतज्ज्ञ सर्वसाधारणपणे सांगतात. चित्रपटातल्या डॉक्टरीणबाई त्याच्या एक पाऊल पुढे जातात. कुणी हा चित्रपट पाहून घरातल्या आजारी माणसावर उपचार करू लागू नये, हे परीक्षणात स्पष्ट लिहिले तर ते योग्यच होईल. मात्र त्या आठवड्याच्या भेटींमध्ये जे घडते ते खरे आहे. डॉक्टर हलकेच लार्सच्या त्वचेला स्पर्श करतात आणि कसे वाटते ते विचारतात. तो सांगतो की भाजल्यासारखे होते, बाहेरच्या थंडीत पाय गोठलेले असताना घरात आल्यावर ऊब लागताच जसे होते तसे. स्पर्श न सोसणाऱ्या माणसाला उबेची ओढ नसते असे आपण समजतो, आणि लार्सचे हे उत्तर त्याच्या अगदी उलटे सांगते.

लार्सची आई त्याला जन्म देताना गेली, वडील त्या दुःखात मिटून गेले, आणि मोठा भाऊ संधी मिळताच घर सोडून निघून गेला. आता त्याच घरात वहिनी गरोदर आहे. लार्सला काय होते आहे याचे उत्तर या एवढ्या गोष्टीत आहे, पण पटकथा ते कुणाच्या तोंडी व्याख्यानासारखे घालत नाही. ते आपण जोडून घ्यायचे असते. भावाच्या मनातली टोचणी मात्र ती लपवत नाही. गसला सुरुवातीला जी लाज वाटते तिच्या मुळाशी लोक काय म्हणतील ही भीती आहे, आणि त्या भीतीच्याही खाली, आपण याला त्या अंधाऱ्या घरात वडिलांजवळ एकटे टाकून गेलो होतो हे न बोललेले सत्य आहे. पॉल श्नायडर यांनी हा भाऊ फार उत्तम उभा केला आहे. गॉसलिंग यांच्याविषयी भरभरून लिहिले जाते ते योग्यच आहे, पण या भावाविषयी आणि एमिली मॉर्टिमर यांच्या कॅरिनविषयी इतके कमी का लिहिले जावे, हे मला समजत नाही.

आता गावाकडे येते. गस आणि कॅरिन चर्चच्या मंडळींना विश्वासात घेतात तो प्रसंग विनोदी आहे आणि त्याच वेळी चित्रपटाचा कणाही. जमलेल्यांपैकी काहींना हा प्रकार अभद्र वाटतो, आणि तसे ते बोलूनही दाखवतात. तेव्हा मिसेस ग्रूनर नावाच्या वयस्क बाई एकेकाच्या घरातले सर्वांना माहीत असलेले गुपित बाहेर काढतात. कुणाचा नातलग मांजरांना कपडे घालतो, कुणाच्या भाच्याने सगळे पैसे उडत्या तबकड्यांच्या मंडळाला देऊन टाकले. पाद्रीबाबा, येशूने अशा वेळी काय केले असते, एवढाच प्रश्न पुढे ठेवतात. या प्रसंगात कुणी एकदम उदार होत नाही. आपल्याही घरात झाकून ठेवलेले काहीतरी आहे हे आठवल्यामुळे ते गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यातून हळूहळू संमती तयार होते. गाव असेच वागते. तत्त्वाचा उपदेश ऐकून बदलणारी माणसे थोडी. शेजारणीने चारचौघांत आपले बिंग फोडू नये म्हणून नमते घेणारी पुष्कळ, आणि एकदा नमते घेतले की पुढे त्यांच्या हातून चांगले घडूही लागते.

आणि मग ते घडतच जाते. बियांकाला कपड्यांच्या दुकानात काम मिळते, ती रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जाऊ लागते, पुढे तर शाळेच्या मंडळावर निवडून येते. हे अतिरंजित आहे, यात शंका नाही. परंतु या अतिशयोक्तीत एक बारीक हिशेब आहे. बियांकाचे दिवस गावकऱ्यांनी भरून टाकले की ती लार्सच्या एकट्याच्या मालकीची राहत नाही. तिचे स्वतःचे वेळापत्रक होते, तिला बाहेर न्यायला माणसे येतात, आणि लार्स रुसतो. ती मला न विचारता कशी गेली, असे तो चिडून म्हणतो, तुम्हा कुणालाच माझी पर्वा नाही असेही म्हणतो. तेव्हा कॅरिन पहिल्यांदा त्याच्यावर ओरडते. या बाहुलीची खुर्ची ढकलत कोण नेते, तिला उचलून कोण ठेवते, तिला आंघोळ कोण घालते, कपडे कोण चढवते, हे ती त्याला एका श्वासात सुनावते, आणि हे सगळे लोक हे तिच्यासाठी करत नाहीत, तुझ्यासाठी करतात, असे सांगते. मला विचाराल तर हा चित्रपटातला सर्वांत मोलाचा क्षण आहे. तोवर प्रेक्षकही लार्सच्या बाजूने इतका झुकलेला असतो की या माणसांचे खांदे दुखत असतील, वेळ जात असेल, लाज वाटत असेल, हे तो विसरलेला असतो. पोटुशी असलेली ही बाई दिराच्या भ्रमाचे ओझे महिनोन् महिने उचलते आहे आणि आज तिचा संयम संपला आहे. सहानुभूतीचे वजन माणसांच्या अंगावर पडते, हे या एका प्रसंगाने जितके कळते तितके दहा उपदेशांनी कळणार नाही. आणि लार्सवर चिडता येते, त्याला बोल लावता येतो, हेच तो त्यांच्यातला एक झाल्याचे लक्षण आहे; आजवर सगळे त्याच्याशी काचेच्या भांड्यासारखे वागत होते.

दुसरा प्रसंग शेवटाकडचा. बियांका आजारी पडते. अर्थात तिला आजारी पाडणारा लार्सच आहे, कारण तिला निरोप देण्याची तयारी त्याच्या मनाने सुरू केली आहे. गावातल्या वयस्क बायका खाण्याचे पदार्थ घेऊन येतात आणि हातात विणकाम घेऊन बसतात. मी काही करायला हवे का, असे लार्स विचारतो, तेव्हा त्या सांगतात की तू खाऊन घे, आम्ही बसायला आलो आहोत, दुःखाच्या वेळी माणसे येऊन बसतात. बस, एवढेच. सुया चालत राहतात. सांत्वनाचे भाषण नाही, संगीताचा कल्लोळ नाही. ज्या बाईच्या मरणाची ही तयारी आहे ती बाई अस्तित्वातच नाही, हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि ज्याचे दुःख आहे तो मात्र खरा आहे, हेही ठाऊक आहे. हा प्रसंग पाहताना हसू कुठे थांबले आणि डोळे कधी भरून आले हे सांगता येत नाही. हसता हसता रडवणारा चित्रपट असे आपण सरधोपटपणे लिहून टाकतो. ते नेमके कशामुळे होते हे पाहायचे असेल तर हा प्रसंग अभ्यासावा.

कार्यालयातली सहकारी मार्गो हिच्या टेडीच्या गळ्यात कुणीतरी चेष्टेने फास अडकवतो, तेव्हा लार्स तो सोडवतो आणि माणसाला द्यावा तसा त्या टेडीला कृत्रिम श्वास देतो. ज्याच्यासाठी गावाने बाहुलीला जिवंत मानले, तो दुसऱ्यासाठी तेच करतो. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

याच कुळातले आणखी दोन चित्रपट तुलनेला घेता येतील. ‘हार्वी’ हा १९५० सालचा चित्रपट मेरी चेस यांच्या नाटकावर आधारित आहे आणि त्या नाटकाला १९४५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. जेम्स स्टुअर्ट यांनी साकारलेला एलवुड हा सदा हसतमुख गृहस्थ सहा फुटांहून उंच अशा एका अदृश्य सशाला मित्र मानतो आणि भेटेल त्याच्याशी त्याची ओळख करून देतो. त्याची बहीण लोकलज्जेने त्रासून त्याला मनोरुग्णालयात ठेवू पाहते. शेवटी इंजेक्शन द्यायची वेळ येते तेव्हा एक टॅक्सीवाला तिला सांगतो की येथे येताना माणसे आनंदात असतात आणि उपचार घेऊन परतताना कुरकुरी होतात, आणि ते ऐकून बहीण इंजेक्शन थांबवते. बहिणीच्या भूमिकेसाठी जोसेफिन हल यांना ऑस्कर मिळाला, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण त्या चित्रपटाचा सारा ताण या बहिणीच्या अंगावर आहे. एलवुड सुखी आहे. प्रश्न तिच्यापुढे आहे.

दुसरा २००३ सालचा ‘द स्टेशन एजंट’. टॉम मॅकार्थी यांच्या या चित्रपटात पीटर डिंकलेज यांनी फिन नावाच्या बुटक्या, आगगाड्यांचे वेड असलेल्या माणसाची भूमिका केली आहे. मित्राच्या मृत्यूनंतर त्याला न्यू जर्सीतल्या एका गावाजवळचे जुने, बंद पडलेले रेल्वे स्थानक वारसाने मिळते आणि तो तिथे राहायला जातो. फिनला एकटेच राहायचे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. माणसे त्याच्याकडे टक लावून पाहतात, कुजबुजतात. येथे गावाची नजर हाच आजार आहे. स्थानकाजवळ गाडीवर कॉफी विकणारा बडबड्या जो त्याचा पिच्छा सोडत नाही, आणि एक शाळकरी मुलगी त्याला वर्गात आगगाड्यांविषयी बोलायला बोलावते. एकटेपणा कुठे लादलेला असतो आणि कुठे स्वतःच्या बचावासाठी निवडलेला असतो, हा फरक या चित्रपटाने फार जपून दाखवला आहे. दु:खाने एकाकी झालेल्या ऑलिव्हियाच्या भूमिकेत येथेही पॅट्रिशिया क्लार्कसनच आहेत.

‘लार्स’विषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो की असे भले गाव जगात नसते, कुणीतरी दगड मारला असता, पोरांनी बाहुलीची विटंबना केली असती. आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटात दुष्टपणा जवळजवळ नाही आणि ती त्याची मर्यादा आहे. थोडा अधिक विरोध दाखवला असता तर कॅरिनचा तो संताप अधिक खोल उतरला असता. पण भलेपणा दाखवला म्हणून चित्रपट खोटा ठरवणे मला मान्य नाही. क्रौर्य आपण पडद्यावर पुराव्याशिवाय खरे मानतो आणि माणुसकी दिसली की तिचा दाखला मागतो. शिवाय या भलेपणाची किंमत कोण आणि किती मोजतो हे पटकथेने दाखवले आहे, आणि जिथे किंमत दाखवली जाते तिथे भाबडेपणाचा आरोप टिकत नाही.

हा विषय केवळ सिनेमाच्या शौकिनांपुरता आहे असेही नाही. एकाकीपणाची जबाबदारी ब्रिटनने २०१८ साली एका मंत्र्याकडे सोपवली, जपानने २०२१ साली तसेच केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. अशी खाती आणि असे अहवाल हवेतच. तरीही गाव करी ते राव न करी हे आपल्याकडे म्हणतात ते या बाबतीत शब्दशः लागू पडते. बियांकाची खुर्ची ढकलणे, तिच्यासाठी दुकानात जागा करणे, विणकाम घेऊन येऊन बसणे, यांतले एकही काम कुठल्याही खात्याला जमण्यासारखे नाही. अहवालातला सहावा माणूस आपल्या समोर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा तऱ्हेवाईक, तुसडा, कधी थोडा हास्यास्पद असाच दिसतो, आणि त्याला कसे पाहायचे याची सवय आपल्या नजरेला कुठून लागणार असेल तर ती अशा गोष्टींमधूनच लागेल. म्हणून त्या गोष्टींविषयी काय लिहिले जाते याला महत्त्व आहे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे की या प्रकारच्या चित्रपटांना चार ओळींच्या चौकटीत बसवू नये. परीक्षणकर्त्याने नायकाच्या लकबींची यादी देण्याऐवजी हसे कुणाचे होते आहे, शेजाऱ्यांना स्वतःचे आयुष्य आहे की ते नायकाच्या भोवती सजावटीसाठी उभे केले आहेत, आणि त्याला सांभाळून घेणाऱ्या माणसाचा थकवा दिसतो की नाही, याविषयी आपले मत नोंदवावे. दुय्यम भूमिकांतल्या नटांची नावे छापावीत. आणि एखाद्या चित्रपटाची कल्पना ऐकायला चमत्कारिक वाटली तरी तिच्यावरून मथळ्यात कोटी करण्याचा मोह टाळावा, कारण ‘लार्स’सारख्या चित्रपटाकडे घरातल्या वडीलधाऱ्यांसह बसून चित्रपट पाहणारा प्रेक्षक वळत नाही तो त्या मथळ्यांमुळेच, प्रत्यक्षात तो सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा आणि नंतर बराच वेळ बोलत राहावे असा आहे. जागेची अडचण असेल तर महिन्यातून एकदाच, पण पूर्ण स्तंभ द्यावा.

कळावे,
आपली नम्र,
एक नियमित वाचक